लख्ख किलो

वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत, आणि त्याला वाटे, हे कौतुकच! गावभरची वजनं ज्याच्याशी ताडून बघायची, तो पितळी प्रमाण किलो त्याच्या ताब्यात. दर सोमवारी तो त्याला पॉलिश लावून फडक्यानं लख्ख घाशी. बावीस वर्षं. एवढी सेवा सख्ख्या बापाची केली असती, तर म्हातारा शंभरी गाठता.

त्याचं एक तत्त्व होतं. दुकानदाराचं वजन एका पारड्यात, आपलं दुसऱ्यात, मग अदलाबदल, मग तराजूच दुसरा घ्यायचा. “सगळं बदलूनही जे बदलत नाही, तेवढंच खरं,” असं तो ज्याला त्याला ऐकवी. ऐकणाऱ्याला घरी जायची घाई असे.

यंदा मात्र अक्रीत घडलं. येईल त्याचं वजन दोन ग्रॅम जास्त! पारडी बदलली, तराजू बदलला, फरक तोच. “अख्खं गाव बिघडलंय,” त्यानं निकाल दिला. पदरचा माल वाटणारी ही कसली लबाडी, हा प्रश्न काही त्याला पडला नाही. चाळीस वजनं नापास झाली. एकेचाळिसावं धाकट्या बहिणीचं. खिळे विकून ती एकटीनं संसार ओढत होती. शिक्का नाही, तर उद्यापासून दुकान बंद.

“नापास,” तो म्हणाला. “बहीण असलीस म्हणून काय झालं?”

“दादा, पारडी बदललीस, तराजू बदललास, चाळीस माणसं बदलली. बदललं नाहीस ते काय?”

तो हसला. मग टेबलावरच्या किलोकडे बघून त्याचं हसू मावळलं.

कपाटात मोहोरबंद डब्यात दुसरा प्रमाण किलो होता, कुणी कधी न पुसलेला, काळवंडलेला. त्यानं मोहोर फोडून तो पारड्यात ठेवला. काळा खाली गेला, लख्ख वर. दोन ग्रॅम त्यानं स्वतःच घासून फडक्याला पुसले होते.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बहिणीच्या वजनावर शिक्का मारला, चाळीस नावांपुढचं ‘नापास’ खोडलं आणि आपल्या किलोपुढे लिहिलं.

“एकेकाच्या दारात जाऊन माफी मागतो,” तो पुटपुटला.

“जा,” बहीण म्हणाली. “पण आधी ते फडकं माझ्याकडे दे.”

त्यानं खाली पाहिलं. काळ्या किलोची एक बाजू चकाकायला लागली होती.