नातीची ओटी भरण्याआधी

मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे मी माझ्या नातीला परत पाठवणार होतो. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला मोठा भक्त समजणार नाही.

दर संकष्टीला ओझरला जाणारा माणूस म्हणून बोरीत मला मान आहे. नात दंडावर वळ घेऊन माहेरी आली, तेव्हा दोन्हीकडच्यांनी बैठक ठरवली. आमच्याकडे अशा बैठकीत घरातल्या थोरल्याचा शब्द शेवटचा. त्याने पोरीची ओटी भरायला सांगितली की विषय मिटतो. असा शब्द मी बरेचदा दिला आहे, दुसऱ्यांच्या घरीसुद्धा. तरी त्या सकाळी मन थाऱ्यावर नव्हतं. ओटीचा खण-नारळ विघ्नहराच्या पायाशी लावून आणावा, पुढचं तो सांभाळील, असं म्हणून निघालो. खरं तर मला माझा भार त्याच्यावर ढकलायचा होता.

रांगेत माझ्यापुढे आंबेगावच्या डोंगराकडची एक बाई होती. माझ्या हातातला खण-नारळ बघून म्हणाली, "कुणाची ओटी, बाबा?"

"नातीची. नांदायला पाठवायचीय."

ती पुढे बघतच म्हणाली, "माज्या लेकीची बी भरली व्हती. तिसऱ्या म्हयन्यात पोलिसांनी बोलावलं, वळख पटवायला." रांग पुढे सरकली. "पोरीला इचारलं का तुमी? मी न्हाई इचारलं."

दर्शन झालं, पण मागायला काही सुचलं नाही. बाहेर येऊन तिला शोधलं. नदीच्या घाटापर्यंत गेलो. ती दिसली नाही.

दुपारी बैठकीत नातीचे सासरे, आमचे व्याही, हसत म्हणाले, "बाबा, तुमीच सांगा हिला. आजीनं केलाच ना संसार? कधी तक्रार ऐकली का कुणी?"

माझी बायको उंबऱ्याशी बसली होती. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तापात कान गेला, असं चाळीस वर्षं मी सांगत आलो, आणि तीही.

"ताप नव्हता," मी म्हणालो. "मी मारलं व्हतं. हिरीवरची मोटार बंद करायची राहिली म्हणून."

"आता हे कशाला उकरायचं, राव?" व्याही म्हणाले. मी नातीकडे वळलो. "तुला जायचंय का?"

"न्हाई, बाबा. मारून टाकील तो."

"मग न्हाई जायची."

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. बायकोने मला माफ केलं, असं मी लिहिणार नाही. ती एवढंच म्हणाली, "मला बी कुणी तरी इचारायला पायजे व्हतं," आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली.

देवावर भार टाकणं म्हणजे आपलं केलेलं झाकणं नव्हे, हे कळायला मला सत्तर वर्षं ओलांडावी लागली. अजून ओझरला जातो. स्वतःसाठी मागायचं सोडून दिलं आहे, तो ठेवील तसं राहायचं. त्या बाईच्या लेकीचं नाव विचारायचं राहून गेलं. बिननावाच्याच त्या पोरीसाठी हात जोडतो. आमची नात आज जिवंत आहे, ती तिच्यामुळे.