घोळ समजून उपटलेली फुलं
नातीनं दारात चिनी गुलाब लावलाय, त्याची जाडी पानं बघितली की मला पाण्याच्या रबरी पायपाचा वास येतो. तरणेपणी मी नि माझी जाऊ मासवणहून येऊन बोईसरला एका कंपनीच्या बागेत कामाला होतो. गेटापाशी माती झाकायला चिनी गुलाब पसरवलेला, फुलं अजून यायची होती. जाऊ पोटुशी. गावाला निंदताना घोळ उपटून आमी भाजी शिजवायचो, तशीच जाडी पानं बघून तिला वाटलं तीच घोळ हाय, तिनं पदरभर उपटली. मुकादम धावत आला, “किसने उखाडा? सब खा जाती है, जानवर!” नि हातातला पाण्याचा पाईप तिच्या पाठीवर ओढला. ती पोट धरून बसली. मी म्हटलं, “मुकादम, मी उपटली, तिला सोड.” मग पाईप माझ्या तोंडावर आला, ओठ फुटला. तरी त्यानं तिच्या पोटावर लाथ उचलली, तवा माझ्या हातातलं खुरपं त्याच्या मांडीत गेलं. रगत त्या उघड्या मातीवर सांडलं. दोघींचं काम गेलं, पोर मात्र जगलं. ही नात त्याच पोराची. ती म्हणते, “आजे, पाईप आणूया ना पाण्याला.” मी म्हणते नको, नि लोट्यानं पाणी घालते.