वामनरावांचं पहिलं बोंड

वामनराव आर्णीकरांचा जगात कोणावरही विश्वास नव्हता आणि त्याला त्यांच्याकडे शास्त्रीय आधार होता. राळेगावच्या रस्त्यावर कापसाच्या संशोधनाचं एक लहानसं सरकारी शेत होतं. तिथे ते बियाणं निवडण्याच्या कामावर होते. एका खड्ड्यात सरकीचे दोन दाणे पडले की काय होतं, हे ते कोणालाही थांबवून सांगत. "वरून दोन्ही रोपं कशी सख्ख्या भावांसारखी डोलतात! आणि खाली? खाली मुळं एकमेकांच्या तोंडचं पाणी पळवत असतात!" एवढं बोलून ते समोरच्याच्या पायांकडे पाहत.

घरीही तेच. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते विचारत, "आज कोण आलं होतं?" त्यांची बायको कुंदा म्हणे, "मीच होते हो. तुमच्या खात्यातलं कोणी नव्हतं."

खात्यातलं कोणी म्हणजे उत्तमसिंग. बांधापलीकडचा वाफा त्याचा. पाऊस लवकर आटोपला तरी ज्याचं बोंड वेळेवर फुटेल, असं वाण दोघंही शोधत होते. उत्तमसिंग एकेक झाड ऐसपैस जागेत, जावयासारखं वाढवी. वामनराव आपली झाडं गावरान कपाशीच्या दाटीत मुद्दाम कोंबत. "जगात इतकी मोकळी जागा मिळते कोणाला? गर्दीत लढून जे आधी फुटेल ते खरं." पाच-सहा वर्षं अशी झुंज लावून त्यांनी एक वाण जवळजवळ हाताशी आणलं होतं. बासष्टच्या हंगामात नागपूरचे मोठे साहेब येणार होते. ज्याचं बोंड आधी फुटेल त्याचं बी पुढल्या साली नागपूरच्या चाचणीला जाणार होतं. दुसऱ्याची झाडं उपटून तिथे तूर पेरायची, असं ठरलं होतं.

उत्तमसिंग रोज सकाळी बांधावरून मान लांब करून वामनरावांच्या वाफ्यात पाही. हे पाहून वामनरावांना जेवण गोड लागेना. त्यांनी आपल्या निवडक झाडांना खूण म्हणून लाल दोरे बांधले, भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि राखणीला शेतावरच्या मजूर मथुराबाईला बसवलं. "त्या उत्तमसिंगवरची नजर हलवू नको," त्यांनी बजावलं. मथुराबाई म्हणाली, "पापणीबी नाही हलणार, सायेब."

साहेब आले त्या सकाळी वामनराव इस्त्रीचा कोट घालून वाफ्यात शिरले आणि जागीच थिजले. लाल दोऱ्याच्या झाडांवर पहिली बोंडं फुटलेली होती खरी, पण नुसती टरफलं! आत चिमूटभरही कापूस नाही. पलीकडे उत्तमसिंगच्या झाडावर मात्र त्याच सकाळी फुटलेलं पांढरंशुभ्र बोंड हसत होतं.

"चोरी!" वामनराव ओरडले. "साहेब, ह्या माणसाचे खिसे तपासा!"

उत्तमसिंगनं स्वतःच खिसे उलटे केले. तंबाखू निघाली. "वामनराव, मी काहून चोरू? मले काय एका बोंडाची गादी भराची आहे?"

"मग रोज मान काढून काय पाहत होतास?"

उत्तमसिंग खाली पाहत तंबाखू परत खिशात भरू लागला. त्यात वामनरावांना सगळा कट दिसला. त्यांनी मथुराबाईला पुढे बोलावलं. "सांग, हा आत शिरला होता की नाही?"

"नाही जी. तुमी सांगतलं त्यायच्यावर नजर ठेव, मी त्यायच्यावरच ठेवली. ते बांदाच्या अलीकडे आले नाहीत."

"मग कोण आलं?"

"बाया आल्या होत्या ना परवा. सीतादही कराले."

साहेब नवे होते. त्यांना सांगावं लागलं की कापसाच्या वेचणीआधी बाया शेतात दहीभात घेऊन येतात आणि कापूस दह्यासारखा पांढरा पिकू दे म्हणून पूजा करतात. ह्या शेतावरच्या बायांची रीत अशी की जे झाड सगळ्यांत आधी फुटेल त्याच्या बुडाशी बसायचं आणि त्याचाच कापूस देवीला वाहायचा.

"आणि तू त्यांना अडवलं नाहीस?" वामनरावांचा आवाज चिरकला.

"चोराले अडवलं असतं. पूजेले कायले अडवू? आमी छप्पनात दीक्षा घेतली, देव सोडले, पण दुसऱ्याच्या पूजेत पाय घालाचा नाही."

तेवढ्यात वेचणीच्या बायांची म्होरकी लालीबाई आली. तिला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. "सायेबानं सोताच लाल दोरे बांदले, झाडाले कुंपण केलं. आमी म्हटलं, सायेबबी देवीले मानते वाट्टे! कुंपणाच्या भायेरच चपला काढल्या आमी."

वामनरावांनी वाकून पाहिलं. झाडाच्या बुडाशी पाच खडे, हळदकुंकू आणि दह्यानं माखलेला कापूस. मुंग्यांची रांग लागली होती.

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे तुमचं बोंड परवाच फुटलेलं होतं. उत्तमसिंग, तुमचं?"

"आज सकाळी, सायेब." उत्तमसिंगनं मान खाली घातली. "मी तेच पाहत होतो. गेल्या सालीबी बाया याहीच्याच वाफ्यात बसल्या होत्या. मी रोज पाहो, यंदा तरी माह्याकडे येतात का."

वामनरावांची निवड नागपूरला गेली. उत्तमसिंगच्या वाफ्यात तूर आली, पण बांधाकडची कपाशीची एक ओळ त्यानं साहेबांकडून मागून घेतली. दोघांनी एका बशीतून चहाही घेतला. मात्र वामनरावांनी आधी उत्तमसिंगला पिऊ दिला.

पुढल्या हंगामात वामनराव पाहतात तो काय, उत्तमसिंगच्या त्या एका ओळीतल्या प्रत्येक झाडाला लाल दोरा आणि भोवती बोरीचं कुंपण! "माझी पद्धत चोरली!" ते कुंदाला म्हणाले. "बी चोरणारा परवडला!"

लालीबाई दह्याचं मडकं घेऊन आली. तिनं उत्तमसिंगच्या दोऱ्यांकडे पाहिलं, हसली, ओळीतून सावकाश फिरली आणि पुन्हा वामनरावांच्याच एका झाडापाशी बसली.

वामनराव क्षणभर खुलले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. तिसऱ्या वर्षीही आपल्याकडेच का बसली ही?