हिरूबाईंचा राब आणि बाबांची चूक

माझ्या बाबांनी एकदा एका बाईचं वर्षभराचं भात जवळजवळ घालवलं होतं.

रिटायरमेंटच्या समारंभात ही गोष्ट कुणी काढली नाही. बाबा स्वतः मात्र दर वर्षी नव्या बॅचला पहिल्याच लेक्चरला ती सांगायचे.

आज त्यांचा स्मृतिदिन. म्हणून मी सांगते.

पन्नासच्या दशकातलं कल्याण. दोन खोल्यांत आम्ही तिघं. मी तिसरीत.
बाबा शेतकी शाळेत शिकवायचे आणि त्यांच्या डोक्यात एकच विषय असायचा. राब.

आमच्या ठाणे जिल्ह्यात भाताची रोपं करायची तर आधी जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या पसरून भाजायच्या. तो राब. मग त्यात बी पेरायचं आणि रोपं हाताएवढी झाली की उपटून शेतात लावायची.

बाबांना त्या छाटलेल्या झाडांचं वाईट वाटायचं. "असंच चाललं तर डोंगर बोडके होतील," म्हणायचे.
सस्टेनेबल वगैरे शब्द तेव्हा कुणाला ठाऊक होते!

त्यांनी ट्रायल घ्यायचं ठरवलं. भाजायचं नाही, नुसतं कंपोस्ट घालायचं.

आंबिवलीजवळ हिरूबाईंचं शेत होतं. नवरा कारखान्यात, शेती सगळी त्यांच्याच अंगावर. बाबांनी त्यांना गळ घातली.
"हिरूबाई, यंदा राब नको. रोपांची जबाबदारी माझी."
त्या म्हणाल्या, "तुमी शिकलेली मानसं. तुमी सांगताव तं करू."

पेरणी झाली. तीन आठवड्यांनी एका रविवारी बाबा आईला आणि मलाही शेत दाखवायला घेऊन गेले.
मोठ्या हौसेने.

वाफ्यात तणच तण. मधूनमधून पिवळी पडलेली रोपं, माझ्या बोटाएवढी.

बाबांनी मूठभर तण उपटलं, बघितलं आणि तिथेच बांधावर खाली बसले. त्यांचं कंपोस्ट नीट कुजलंच नव्हतं. त्यातूनच तणाचं बी शेतात आलं होतं. भाजल्याने ते मरतं. पिढ्यान्‌पिढ्या राब कशासाठी भाजत होते ते बाबांना त्या क्षणी कळलं.

"हिरूबाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "तुमचं वर्ष घालवलं मी."

बाबांचा आवाज इतका बारीक झालेला मी आधी कधी ऐकला नव्हता. मला रडूच आलं.

हिरूबाईंनी आईकडे बघितलं. मग बाबांना म्हणाल्या, "उठा मास्तर. चला माझ्यासंगती."

घरामागे नेलं. तिथे एक छोटा वाफा होता. हिरवागार, दाट.

"थोरा राब भाजला व्हता मी. गुपचूप."

"अहो, मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुमाला वाईट वाटलं असतं."

बाबा हसायला लागले. हसता हसता डोळे पुसत होते. आई म्हणाली, "देव पावला."

पण तेवढी रोपं सगळ्या शेताला पुरणार कशी?
हिरूबाई म्हणाल्या, "पातल लावू."

एरवी एका जागी सहा-सात रोपं लावायचे. त्या वर्षी दोन-तीनच लावली. बाबांनी धोतर खोचलं, आईने पदर. मीही चिखलात. संध्याकाळी तिघांच्याही कंबरा मोडल्या होत्या आणि घरी येऊन आम्ही पिठलं-भात असा काही हाणला की बस.

बाबांच्या शाळेतल्या साहेबांनी ट्रायलच्या रिपोर्टमध्ये "पावसाने ओढ दिली" असं लिहायला सुचवलं. बाबांनी लिहिलं, "कंपोस्ट कच्चे होते. चूक माझी."
नोकरी जाते की काय म्हणून आई धास्तावली होती.
साहेबांनी वाचलं, सही केली आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी आधी शेतकऱ्याला विचारा."

आणि भात? उत्तम आलं! पातळ लावूनही नेहमीइतकंच. हिरूबाई स्वतः कल्याणला सांगायला आल्या, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. बाबा त्या दिवशी दुपारी गाढ झोपले. आई म्हणाली, कित्येक महिन्यांनी.

पुढची तीस वर्षं बाबांनी त्यावरच काम केलं. कमी बी, कमी रोपं. राब भाजायचा, पण फांद्या न छाटता, पेंढ्यावर नि तुसावर. त्यांचे विद्यार्थी पार टिटवाळ्यापुढच्या गावांतून हे शिकवत हिंडले.

मॅट्रिकला मी गणितात नापास झाले, तेव्हा निकाल लपवावा असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. सरळ त्यांच्या हातात दिला.
त्यांनी चष्मा लावला. "बस इथे. कुठे चुकलं ते बघू."

बाबा, आमच्या घरात चूक सांगायची भीती कधी कुणाला वाटली नाही.
ते तुमच्यामुळे.

मनापासून नमस्कार.
तुमची कुंदा