आत्याचं कळकलेलं ताक

माझ्या हातून झालेल्या गाढवपणाची यादी करायला बसलो तर ती लांबच लांब होईल. पण त्यातली एक गोष्ट आठवली की अजूनही कान तापतात. ती परभणीजवळच्या झरी गावातल्या आत्याची.

परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि मी हैदराबादच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो. आमचे सर झाडपाल्यातली अशी द्रव्यं शोधत होते, जी जंतूंच्या एन्झाइमला अडवतील. एन्झाइम म्हणजे जंतूंची कामाची हत्यारंच म्हणा. परीक्षा सोपी होती. काचेच्या नळीत युरिया आणि एका रंगाचे दोन थेंब घालायचे, पू करणारे जंतू सोडायचे आणि वाट बघायची. एन्झाइम चाललं की नळी गुलाबी व्हायची. पाल्याच्या अर्कानं ते अडलं तर पिवळीच राहायची. जो तो आपापल्या गावाकडचा पाला आणायचा. मी सरांपुढं छाती काढून सांगून बसलो की माझ्या आत्याकडे असं औषध आहे, सडलेली जखमसुद्धा महिन्याभरात भरते.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणी तीन वर्षं मी तिच्याच हातचं खाऊन वाढलो. जखमेला ती दगडी पाला द्यायची, तोच आपला बांधावर कुठंही उगवणारा. पण द्यायची रीत तिची स्वतःची होती. पाला ठेचून आंबट ताकात घालायचा आणि ते ताक कल्हई उडालेल्या तांब्याच्या पातेल्यात तीन दिवस ठेवायचं. ताक हिरवट पडायचं, म्हणजे चक्क कळकायचं. त्यानं जखम धुवायची. आता कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवू नये, कळकलेलं पोटात गेलं तर ओकाऱ्या होतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आत्यालाही होतंच की. म्हणून ते पातेलं ती चुलीपासून लांब, गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवायची. कल्हईवाला दारात येऊन बसला, घरातली सगळी भांडी त्याच्यापुढं गेली, तरी हे पातेलं काही बाहेर निघायचं नाही.

मी पाला न्यायला गेलो तेव्हा तिनं पाला तर दिलाच, वर पातेलंही पुढं केलं. म्हणाली, "ह्याच्यातच कर. दुसऱ्या कशात केलं तर गुण येत न्हाई."

मला हसू आलं. अर्क काचेच्या भांड्यात काढायचा असतो, असं मी तिला ऐटीत समजावलं, आणि असल्या घाण भांड्यावरून दोन शब्द सुनावलेही. तिनं पातेलं परत कोनाड्यात ठेवलं. शिकलेल्या भाच्याशी वाद कोण घालणार?

हैदराबादला मी तो पाला सुकवला, कुटला, पाण्यात अर्क काढला, अल्कोहोलमध्ये काढला. लावली ती प्रत्येक नळी गुलाबी. थोडा जास्त अर्क घातला, तरी गुलाबी. सर म्हणाले, तुमच्या आत्याला आमचा सलाम सांगा, आणि अख्खी प्रयोगशाळा हसली. मीही हसलो, पण आतून नुसता जळत होतो. राग कुणाचा आला म्हणाल, तर आत्याचा. तिनं काय केलं होतं, एवढं स्वतःला विचारायची अक्कल मला नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत झरीला गेलो. ओसरीवर चार-पाच माणसं बसली होती, आणि पेडगावची एक बाई पाय पुढं करून बसली होती. शेतात कापसाच्या पऱ्हाटीचं खुट लागून तिची बोटं चिघळली होती. आठ दिवस ती आत्याकडेच मुक्कामाला होती आणि पू कमी झाला होता. आत्या तिचा पाय धूत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. हा माझा भाचा, माझं औषध हैदराबादला तपासायलाय, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. मग मलाच विचारलं, काय निघालं रं?

अजून काही कळलं नाही, एवढंच म्हटलं असतं तरी ते खरं होतं. पण माझ्या कानात अजून ते हसणं होतं.

"आत्या, तुझ्या औषधात काई न्हाई," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "नुसतं पाणी हाय. लोकांला फसवू नको."

फसवू नको! जिनं कधी कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही तिला!

आत्याचा हात थांबला. तिनं तो पदराला पुसला आणि त्या बाईला सांगितलं की बाई, तू परभणीच्या सरकारी दवाखान्यात जा, माझा भाचा शिकलेला हाय, तो म्हणतोय ते खरं असंल. बाई लंगडत उठली आणि गेली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे सांगताना आज थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. उलट बरंच वाटलं. गावातली एक अंधश्रद्धा मोडली म्हणे मी!

पुढं दीडेक वर्षानं प्रयोगशाळेत एक चमत्कारिक प्रकार झाला. सगळ्या नळ्या पिवळ्या राहायला लागल्या. ज्या नळीत पाला नव्हता, नुसतं शुद्ध केलेलं पाणी होतं, तीसुद्धा पिवळी. दोन दिवस आम्ही डोकं खाजवलं. शेवटी सरांनी पाणी शुद्ध करायचं यंत्र उघडलं. ते तांब्याचं होतं, आतून कल्हई केलेलं, आणि ती कल्हई उडाली होती. तांब्याचा किंचित अंश पाण्यात उतरत होता आणि तेवढ्यानं जंतूंचं एन्झाइम बंद पडत होतं. कल्हई करून घ्या, सर म्हणाले, आणि बाकीचे आपापल्या कामाला लागले.

मी स्टुलावर बसून राहिलो. आंबट ताक, तीन दिवस, कल्हई उडालेलं पातेलं. तिनं ते माझ्या हातात देऊ केलं होतं, आणि मी नाक मुरडून पाला तेवढा घेऊन आलो होतो. त्या ताकानं जखम भरतेच असं मी आजही छातीठोक सांगणार नाही. पण ते नुसतं पाणी नव्हतं.

झरीला गेलो तोवर जिल्हा मुंबई राज्यात गेला होता. आत्यानं जेवायला वाढलं. वरण ज्यातून वाढलं ते पातेलं मी ओळखलं. आतून पांढरंशुभ्र, चकचकीत.

"उगं पडून होतं," ती म्हणाली, "म्हणून कल्हई करून घेतली."

मी सगळं सांगून टाकलं. यंत्र, तांबं, माझी चूक, सगळं. ती ना रागावली ना सुखावली. मग तिनं सांगितलं की पेडगावची ती बाई दवाखान्यात गेलीच नव्हती. घरी गेली, रानातल्या कामाला लागली, आणि शेवटी तिची दोन बोटं कापावी लागली. कुठं भेटली की अजून विचारते, इलाज मधीच का सोडला म्हणून.

"तिला हे सांगायला पायजे," आत्या म्हणाली. "तू येतूस का पेडगावला?"

मी म्हणालो, सुट्टी संपली, उद्या सकाळचीच गाडी आहे. सुट्टीचे चार दिवस बाकी होते.

ती बरं म्हणाली आणि सकाळी भाकरी बांधून दिली. नंतर वडिलांकडून कळलं की मी गेलो त्याच दिवशी ती पेडगावला चालत गेली होती. त्या बाईच्या दारात बसून तिनं सांगितलं की औषधात गुण होता, मीच येड्यावानी मधी सोडलं, माझंच चुकलं. माझं नाव तिनं घेतलंच नाही.