इंजिनाला लावलेला कान

नारपोलीतल्या आमच्या गाडीच्या मिस्त्रीला बिघाड शोधायला कान पुरतो, असं तो स्वतःच सांगतो. चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ डाव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. उजवा कान मोकळा नसतो, तिथे खांद्याने दाबलेला मोबाईल असतो. अशा वेळी गिऱ्हाइकाने खोकायचंसुद्धा नाही.

मागे माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुटला आणि वॉल्व वाकले. त्याने इंजिन उघडून सगळं नवं बसवलं, गाडी सुरू केली आणि समाधी लावली.

"मख्खन!"

इंजिन तर खटखटत होतं. मी त्याच्या डावीकडून तसं सांगितलं, मग ओरडून सांगितलं. समोरचा चहावाला वळून बघायला लागला, मिस्त्री मात्र ढिम्म.

शेवटी मी त्याचा खांदा हलवला. मोबाईल बाजूला करून त्याने उजवा कान पुढे केला.

"इकडून बोला ना शेठ. तो कान कधीचाच बंद हाय. पावरलूमवर कामाला होतो, मागांच्या खडखडाटात तिथेच गेला."

"अहो, इंजिन खटखटतंय!"

"थांबा, बघतो," म्हणत त्याने मोबाईल पुन्हा उजव्या कानाशी दाबला आणि स्क्रूड्रायव्हर डाव्या कानाला लावला. "कुठे काय? एकदम शांत हाय."