मेजरसाहेबांनी सांगितलेला पत्ता

परवा पुतण्याने माळ्यावरची ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांचा उग्र वास खोलीभर पसरला. विजयदुर्गच्या शाळेत आम्ही मेजरसाहेबांचा सत्कार केला, तेव्हा त्यांच्या लष्करी कोटाला हाच वास येत होता.

साठ साल उजाडायचे होते. मी तिथे शिक्षक होतो. महायुद्धात मेजरांनी ब्रह्मदेशात एक तुकडी लढवली होती आणि मानपत्र लिहायचे काम माझ्याकडे आले होते. लढाई मी पाहिलेली नसल्यामुळे विशेषणांना काही अडथळा नव्हता. ‘एकाही जवानाला मागे न सोडणारा सेनानी’ हे वाक्य मी टाळ्यांसाठी थांबून वाचले. टाळ्या पडल्या.

त्या ओसरल्यावर पार्वतीकाकी उठली. तिचा मुलगा त्याच तुकडीत होता. युद्ध संपता संपता मेजरांच्या सहीचे पत्र आले होते, ‘बेपत्ता’. काकीने अर्थ सरळ लावला होता. मुलगा आहे, फक्त त्याचा पत्ता मिळत नाही.

“मेजरसायबानू, माझ्या झिलाचो पत्तो गावलो काय?”

एरवी छापील मराठी बोलणारे मेजर मालवणीत म्हणाले, “काकी, पत्तो माका तेवाच म्हायत होतो. माघार घेताना मीच तेका नदीच्या काठार सोडून इलंय. तेचे पाय गेले होते. उचलूक माणसा नव्हती.”

“तेवा जीव होतो?”

“होतो.”

त्या वेळी वाटले, त्यांनी खोटे बोलायला हवे होते. आता वाटते, ते खोटे तर त्यांचे पत्र लिहितानाच बोलून झाले होते.

काकी म्हणाली, “म्हणजे इतकी वर्सां त्या पोस्टमनाक मी उगाच गाळी घातलंय.”